तिसरं नाव

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कॉमेंटमध्ये वाद नको. निवृत्त होईपर्यंत मी ठाण्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवलं. अंगात येणाऱ्या शेजारणीला "आधी हिमोग्लोबिन तपासून घे" असं तोंडावर सांगणारी बाई मी. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देते आणि माझ्या कामाला जाते. या सदरात तुम्ही मंडळी जे लिहिता ना — उलटे पाय, पांढरी साडी, घाटात लिफ्ट मागणारा माणूस — ते माझी नात मला मोठ्याने वाचून दाखवते आणि मी एकेकाची चिरफाड करते. परवा ती वैतागली. म्हणाली, "आजी, तुझ्या अख्ख्या आयुष्यात असं एकही काही घडलं नाही का, ज्याचं तुझ्याकडे लॉजिक नाही?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं... आणि गप्प बसले. ती बघतच राहिली, कारण मी गप्प बसणं हे आमच्या घरात फारसं घडत नाही.

तर ते एक सांगते. टाइप तीच करते आहे, तेव्हा शुद्धलेखनाचं तिलाच बोला.

गोष्ट जव्हार-मोखाड्याची. आज तो पालघर जिल्हा. तेव्हा ठाणे जिल्हा होता, आणि त्याच्या थोडंसं आधी तर जव्हारचं स्वतःचं संस्थान होतं. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, जामसरच्या भातशेती करणाऱ्या घरातले. घरातले पहिले शिकलेले. संस्थानच्या कचेरीत कारकून म्हणून लागले आणि थोड्याच वर्षांत विलीनीकरण झालं. नाना म्हणायचे, "रात्री झोपलो तेव्हा संस्थानचा नोकर होतो, सकाळी उठलो तो मुंबई सरकारचा. टेबल तेच, खुर्ची तीच, खुर्चीतले ढेकूणही तेच." पण एक गोष्ट बदलली. संस्थान होतं तोवर बदली म्हणजे फार तर जव्हारची मोखाड्याला. आता सरकार मोठं झालं होतं, ते माणसाला कुठेही पाठवू शकत होतं. नाना घाबरायचे ते याच गोष्टीला.

आम्ही तीन भावंडं. मी शकू, सगळ्यांत मोठी. माझ्या पाठचा बाळू. आणि शेंडेफळ मथी — मथुरा. पन्नास सालानंतरची दोन-तीन वर्षं आम्ही मोखाड्याला होतो, कचेरीच्या मागे भाड्याच्या घरात. रोज दिवेलागणीच्या आधी आई दारात उभी राहायची आणि एका दमात तिघांची नावं घ्यायची, "शकूऽऽ, बाळूऽऽ, मथीऽऽ." मी आणि बाळू 'ओ' द्यायचो. मथी कधीच 'ओ' द्यायची नाही. ती म्हणायची, "थांब गं, आले." अगदी चार पोरांच्या आईसारखं, जणू हातातलं केवढं काम टाकून यायचंय तिला. काम काय, तर चिखलाच्या भाकऱ्या थापणं. आई खोटं खोटं रागवायची, म्हणायची, "मी थांबायचं आणि तू यायचंस होय गं?" आणि मथी खरंच तिची शेवटची भाकरी थापून मगच यायची.

आई तिच्यासाठी रोज एक चानकी करायची. नव्या मुलींना हा शब्द माहीत नसेल. भाकऱ्या झाल्या की परातीत जे शेवटचं पीठ उरतं, त्याची लहान मुलासाठी तळहाताएवढी भाकरी थापतात, ती चानकी. मथी पाच वर्षांची होईपर्यंत दुसरी भाकरी खायची नाही.

पाच वर्षांचीच राहिली ती. पावसाळ्यात तिला हिवताप झाला. मोखाड्यात तेव्हा घरटी एकजण थंडीने कुडकुडत पडलेला असायचा, त्यामुळे आधी कुणी घाबरलं नाही. मग ताप डोक्यात गेला. नानांनी बैलगाडी केली आणि आई-नाना तिला जव्हारच्या दवाखान्यात घेऊन निघाले. मला आणि बाळूला शेजारी ठेवलं. अर्ध्या वाटेवर नानांच्या मोठ्या बहिणीचा, आमच्या आत्याचा पाडा होता. गाडी तिथपर्यंत पोचली आणि पुढे जाण्याचं कारण उरलं नाही.

लहान मुलांना आमच्याकडे अग्नी देत नाहीत, पुरतात. आणि तिथे बायकांनी जायचं नसतं. धो धो पावसात नाना आणि आत्याचे यजमान मथीला घेऊन ओढ्याच्या अंगाने वर गेले, आणि आई आत्याच्या घरात चुलीपाशी बसून राहिली. आपल्या मुलीला कुठे ठेवलं, हे तिने पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघं रिकामी गाडी घेऊन मोखाड्याला परत आली.

नानांनी खटपट करून जव्हारला बदली करून घेतली. घर बदललं, पण आई तशीच राहिली. कामं सगळी करायची. बोलायची नाही म्हणजे अगदीच नाही असं नव्हे, पण मीठ दे, पाणी आण, एवढंच. संध्याकाळी हाक मारणं तिने बंद केलं होतं. आम्हीच अंधार पडायच्या आत निमूट घरी यायचो. चानकी मात्र रोज व्हायची. ती कोणी खायचं नाही. दुपारी आई ती गाईला घालायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थापायची.

पुढच्या वर्षी, पावसाळा सरता सरता, नानांच्या बदलीचा हुकूम आला. ठाण्याला. नाना ज्याला घाबरत होते तेच झालं. त्या रात्री आई नानांना एवढंच म्हणाली, "जायच्या आधी मला ती जागा दाखवा. त्याशिवाय मी जव्हार सोडणार नाही." ती आदळआपट करणारी बाई नव्हती. नाही म्हणाली तर नाही.

हे आम्हा मुलांना अर्थातच सांगितलं नाही. आम्हाला सांगितलं, "रविवारी धबधबा बघायला जायचं. आत्यापण येणार आहे." आमच्या आनंदाला पारावार नव्हता. आता तुम्ही लोक ज्याला फॅमिली ट्रेक म्हणता, तसला प्रकार तेव्हा आमच्यात कोणी करत नसे. डोंगरात माणूस गुरांमागे जाई, लाकडाला जाई, नाहीतर पाहुणा म्हणून दुसऱ्या पाड्यावर जाई. नुसतं पाणी पडताना बघायला कोण जातं?

सकाळी मोखाड्याकडे जाणाऱ्या एसटीने गेलो. मधेच उतरून पायवाटेने आत्याच्या पाड्यावर आणि तिथून पुढे आत्याच्या मागोमाग. तो दिवस मला आजही स्वच्छ दिसतो. उतारावर खुरासणी फुललेली, डोंगरच्या डोंगर पिवळा. खाली खाचरात भात पोटरीला आलेलं. बाळू प्रत्येक ओहळात हात घालून खेकडे धुंडाळत होता. आत्या पुढे, कमरेला कोयती, अनवाणी. तिचे यजमान त्याच उन्हाळ्यात वारले होते, पण ती काही खचून बसलेली नव्हती. चालता चालता मला चिडवत होती. "तुझी चप्पल पाय राखते का तू चप्पल राखतेस गं? मघाधरनं बघते, खालीच बघून चाललीस." नाना तिच्याशी बोलायला लागले की त्यांची बोलीच बदलायची. कचेरीतलं मराठी गळून पडायचं. मला ते नाना जास्त आवडायचे.

आई सगळ्यांच्या मागे. हातात दशम्यांचं फडकं, आणि त्या फडक्यात चानकीसुद्धा होती. मी सकाळी बांधताना पाहिली होती.

धबधबे दोन होते, एकावर एक. वरचा उंच पण बारीक, खालचा बुटका आणि रुंद, आणि त्याच्या पायथ्याशी छातीएवढ्या पाण्याचा डोह. त्याला नाव होतं का, मला माहीत नाही. आत्या नुसतं 'कोंड' म्हणायची. काळमांडवी, दाभोसा असली नावं आज इंटरनेटवर सापडतात तसं याचं काही नाही, तेव्हा कृपा करून लोकेशन मागू नका.

आम्ही डोहात उतरलो आणि वेड्यासारखे खेळलो. आत्या काठावर बसून तवशी चिरत होती, म्हणजे पावसाळ्यातली मोठी काकडी. जरा वेळाने माझं लक्ष गेलं तर नाना ओढ्याच्या काठाने वर-खाली फिरत होते. हातात काठी. पुरुषभर गवत वाढलेलं, ते काठीने बाजूला करत, वाकून बघत, पुन्हा पुढे. एकदा ओढा ओलांडून पलीकडे गेले. परत आले. आई एका दगडावर बसून त्यांच्याकडे बघत होती.

मी पाण्याबाहेर आले तेव्हा नाना तिच्यासमोर उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"ऐनाचं झाड होतं," नाना म्हणाले. "त्याच्या बुडाशी तीन धोंडे लावले होते मी. झाडच दिसत नाही. मधे एवढा पाऊस झाला, ओढ्याने काठ खाल्लाय. त्या दिवशी मला तरी कुठं दिसत होतं काही... इथंच आहे, पारू. इथंच कुठंतरी."

"इथंच कुठंतरी म्हणजे कुठं?" आईने विचारलं.

माझे वडील रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आणि आपण इथे कशाला आलो आहोत हे माझ्या लक्षात आलं. मला आठवतं, मी आधी बाळूकडे पाहिलं. तो अजून पाण्यात होता, हसत होता, आणि मला वाटलं, याला इतक्यात कळू नये.

मग आम्ही जेवलो. खरंच जेवलो. नागलीच्या दशम्या, सुकटीची चटणी, तवशाच्या फोडी. आत्याने सगळ्यांना वाढलं. आई खाली बघत खात होती. फडक्यातली चानकी तिने बाहेर काढली नाही. जागाच सापडली नव्हती तर ती ठेवणार कुठे? मुलगी तर गेलीच होती, आईला मूठभर माती तरी हवी होती, तीही मिळेना.

ऊन कलायला लागलं तशी आत्या उठली. पदर खोचला आणि म्हणाली, "पारू, निघायचं तं आता हाक घाल."

इथे ही पद्धत सांगायला हवी. आत्याच्या पाड्यावर, पाण्याकाठी नाहीतर रानात बराच वेळ बसलेली माणसं निघताना एकेकाला नावाने हाक घालत. ज्याचं नाव घेतलं त्याने 'आलो' म्हणायचं आणि मगच पाऊल उचलायचं. का, तर माणसाचा जीव तिथे रमतो. अंग उठून घरी जातं आणि जीव पाण्याशीच खेळत बसतो. मग लेकरू किरकिर करतं, खात नाही, वाळतं. म्हणून हाक घालून जिवाला बरोबर घ्यायचं. आणि लेकरांना हाक त्यांच्या आईनेच घालायची, दुसऱ्या कोणाची चालत नाही. यात शास्त्र काय, ते मला विचारू नका. पण मुलं मोजून घेण्याची पद्धत म्हणून अजिबात वाईट नाही. शाळेच्या सहलीत मी ती कित्येक वर्षं वापरली.

"तूच घाल," आई म्हणाली.

"तुझी पोरं हायेत. माझ्या हाकेनं कशी येतील?"

आई उभी राहिली. वर्षभरात तिने आम्हाला अशी हाक मारली नव्हती. धबधब्याच्या आवाजावर आवाज काढायचा म्हणून तिने दम भरून घेतला, डोळे मिटले, आणि...

"शकूऽऽ, बाळूऽऽ, मथीऽऽ."

सवयीने. ती तीन नावं तिच्या तोंडात एकच होती, ती तोडून अर्धी म्हणण्याची वेळच तिच्यावर आली नव्हती. तिसरं नाव बाहेर पडलं तसे तिने डोळे उघडले आणि तोंडावर हात ठेवला. मी 'आले' म्हणायचं विसरले. बाळूही.

आणि वरून आवाज आला.

"थांब गं, आले."

हे पुन्हा एकदा सांगते, कारण वाचणाऱ्यांतले निम्मे लोक इथे नाक मुरडणार. मीही मुरडलं असतं. आवाज आमच्या उजव्या हाताला, ओढ्यापासून बराच वर, जिथे कारवीची झुडपं दाटली होती तिथून आला. मोठा नव्हता. धबधबा एवढा कोसळत असताना तो ऐकूच यायला नको होता, पण पाचही जणांनी ऐकला. घोगरा नाही, भेसूर नाही. मथीचा. थोडासा वैतागलेला, कामात असल्यासारखा.

बाळू हसून म्हणाला, "मथी आहे तिकडे?" तो लहान होता. त्याला त्यात वावगं वाटलं नाही.

आई धावली नाही. ती त्या दिशेने चालायला लागली, घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशी. कारवी हातांनी बाजूला करत वर गेली. मागे नाना, मागे आम्ही. वर एक लहानशी सपाटी होती. तिच्या कडेला एक ऐन मुळासकट उन्मळून आडवा पडला होता, म्हणून तर खालून तो दिसत नव्हता. आणि त्याच्या बुडाशी, गवतात, तीन धोंडे.

नाना गुडघ्यांवर बसले. म्हणाले, "मला वाटलं ओढ्याच्या काठाला... मी एवढा वर आलो होतो?"

तिथे कोणी नव्हतं. आत्या सपाटीला वळसा घालून आली, दोन-चार हाका मारल्या, कोणा गुराख्याची पोर आहे का बघितलं. गवत कुठे दबलेलं नव्हतं.

आईने फडकं सोडलं आणि चानकी मधल्या धोंड्यावर ठेवली. गवत उपटलं. हाताने माती सारखी केली. ती रडत होती, पण वर्षभर साचलेलं जे काही होतं ते एकदाचं वाहत होतं, आणि ते बघून मला भीती वाटली नाही. मीही तिच्याशेजारी बसून गवत उपटलं. बाळूने तेरड्याची फुलं आणून ठेवली. कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने आत्या आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पारू, एक गोष्ट राहिली. तू नाव घेतलंस, तिनं ओ दिली. आता अशीच गेलीस तं ती मागं येल."

"येऊ दे," आई म्हणाली.

"कुठं नेशील? ठाण्याला? तिथं तिला कोण वळखतं? ना घर ठावं ना वाट. दारोदार हिंडंल पोर. इथं तिची माती हाय, पाणी हाय, मी हाय. मी बघन तिच्याकडं. तू तिला सांग, राहा म्हणून."

"मी नाही सांगणार."

"सांगाय लागंल, बाय. तुझंच ऐकंल ती."

आई नानांकडे वळली. मला वाटतं तिची अपेक्षा होती, हा शिकलेला माणूस म्हणेल, असलं काही नसतं, चल. नानांनी नुसती मान खाली घातली. त्यांनीही तो आवाज ऐकला होता. आणि खोटं बोलून मोकळं होण्याची कला त्यांना कधी जमली नाही.

आईने मधल्या धोंड्यावरची चानकी नीट केली. मग म्हणाली, "तुम्ही खाली व्हा. काय सांगायचं ते मी सांगते."

आम्ही डोहापाशी येऊन थांबलो. वरचं काही ऐकू येत नव्हतं. पाण्याच्या आवाजात ऐकू येणं शक्यही नव्हतं. सावल्या लांबल्या. आत्याने आमच्या तिघांच्या हाका उरकून घेतल्या. आमच्या आईची जागा तिने घेतली, एवढी एकच वेळ. "शकू." आले. "बाळू." आलो. "गणू." नाना पोरासारखे म्हणाले, आलो.

मग तिने वर तोंड करून हाक घातली, "पारूऽऽ."

उत्तर नाही.

आत्याचा चेहरा मी त्या दिवसात पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. नाना दोन पावलं पुढे झाले, तशी तिने त्यांचा दंड धरला. "नको. तिचं तिला येऊ दे." आणि पुन्हा हाक घातली. मी तेव्हा काय विचार करत होते, सांगू? आई येणार नाही. ती तिकडेच राहणार, मथीपाशी, आणि आम्ही दोघं ठाण्याला जाणार. तशी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही, बाळंतपणातही नाही.

तिसऱ्या हाकेला कारवी हलली आणि आई म्हणाली, "आले."

ती खाली आली, बाळूचा हात धरला आणि आमच्या पुढे चालायला लागली. एकदाही मागे पाहिलं नाही.

तिने वर काय सांगितलं, हे तिने कोणाला सांगितलं नाही. नानांनी विचारल्याचं मला आठवत नाही. मी मोठेपणी एकदा विचारलं तर म्हणाली, "आईलेकीतलं आहे ते." मीही तिची लेकच की, पण तसं म्हणण्याची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून चानकी बंद झाली. परातीतलं उरलेलं पीठ ती शेवटच्या भाकरीतच घालायला लागली. ठाण्यात चाळीतल्या दोन खोल्या मिळाल्या. तिथे संध्याकाळी गॅलरीत उभी राहून ती हाक मारायची, "शकूऽऽ, बाळूऽऽ." दोनच नावं. तिसऱ्याच्या जागी ती जरासं थांबायची, श्वास घेतल्यासारखं, आणि मग आत जायची. पुढे हसायला लागली, शेजारणींशी भांडायला लागली, नातवंडांची बारशी केली. लोक म्हणायचे, पारूबाई किती सावरल्या. सुट्टीत कधी नाना म्हणायचे, "जव्हारला जाऊन येऊ का? वर जाऊन येऊ." ती म्हणायची, "अजून नाही." दर वेळी तेवढंच. आत्या गेली तेव्हासुद्धा आम्ही गेलो, ती नाही आली.

आता स्पष्टीकरणांचं. माझा पेशाच तो. इको म्हणावा, तर इकोने "मथी" म्हटलं असतं, "थांब गं, आले" कसं म्हटलं? पाड्यावरची पोर म्हणावी, तर आत्याने नंतर घरोघर विचारलं होतं, त्या दिवशी तिकडे कोणी नव्हतं. शिवाय पाड्यावरच्या पोरी असं बोलत नाहीत, त्यांची बोलीच वेगळी. आम्हा सगळ्यांच्या मनात तीच होती म्हणून भास झाला म्हणावा, तर बाळूच्या मनात तेव्हा फक्त खेकडे होते. भास पाचांना एकदम होत नाही, आणि त्याने ऐनाचं पडलेलं झाड सापडत नाही. मी अनेक वर्षं हे सगळे मुद्दे खोडरबर घेऊन घासले आहेत. कागद फाटायला आला, पण ते पुसलं जात नाही. नाना शेवटपर्यंत म्हणत, "पाण्याचा आवाज असेल." आणि म्हणताना माझ्याकडे बघत नसत.

आई खूप म्हातारी होऊन गेली. शेवटच्या दिवसांत बोलणं बंद झालं होतं. आम्हाला ओळखत नव्हती. मी आणि बाळू तिच्या उशाशी बसलेलो. भर दुपार, खाली भंगारवाला ओरडत होता, बाळूची बायको चहा टाकत होती. आईने डोळे उघडले आणि मान दाराकडे वळवली, कोणी हाक मारली की वळवतो तशी. आम्ही काही ऐकलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगते, आम्हाला काहीही ऐकू आलं नव्हतं.

आईच्या चेहऱ्यावर हसू आलं. आवाज एकदम स्वच्छ, चाळीच्या गॅलरीतला.

"थांबलीस ना गं?" ती म्हणाली. "आले हं."

बाळूने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो एवढंच म्हणाला, "ताई, तिने मथीला राहा म्हणून सांगितलंच नव्हतं. थांब म्हणून सांगितलं होतं."

मरणाऱ्या बाईला जुनं काहीतरी आठवलं, असं कोणी म्हणेल. म्हणा. ते मीही मान्य करते, त्याचं लॉजिक आहे. पण त्या दुपारी कोंडाच्या वर, कारवीतून, आम्हाला उत्तर कोणी दिलं... ते मला आजही माहीत नाही.

नातीने टाइप करायचं थांबवून मला विचारलं, "आजी, मग तू रडतेस का?" तिला म्हटलं, पुढे लिही. लिही की आजीचं शास्त्र इथे संपलं.